माशाला औषध, मावशीला अंगारा

जेल रोडच्या आतल्या गल्लीत, एका बंगल्याच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी साडेनऊ वाजता तीनशे माणसं एका माशाकडे बघून रडत होती.

मासा रडत नव्हता. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे त्याच्या मनात काय चाललंय हे कळायला मार्ग नसतो; पण एकूण चेहऱ्यावरून तो कंटाळल्यासारखा दिसत होता. तो चार फुटी टँकमध्ये होता, टँक भिंतीत बसवलेला होता, भिंत सोनेरी होती आणि सोनेरीवर गुलाबी कमळं होती. माशाच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं. या जातीला फ्लॉवरहॉर्न म्हणतात आणि टेंगूळ या जातीला असतंच, जशी उंटाला मदार असते. इथे मात्र त्या टेंगळाला 'ज्ञानशिखर' म्हणत आणि माशाला 'मीनदेव'.

टँकच्या शेजारी आप्पाजी उभे होते. पांढरा झब्बा, आकाशी उपरणं, हातात मोरपीस, कानाला माइक. पूर्वी हे गृहस्थ सोसायट्यांमध्ये पाण्याचे फिल्टर विकत. पाण्याशी संबंध त्यांनी सोडलेला नव्हता.

"गुरुवारी मीनदेवांनी आपल्या एका भगिनीच्या पायाची जखम स्वतःच्या अंगावर घेतली. बघितली की नाही बघितली?"

"बघितली!" हॉल म्हणाला.

"आज रविवार. तीन दिवस झाले. कुठंय जखम?"

"नाही!"

"मग गेली कुठं?"

जखम कुठे जाते हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"ही अंधश्रद्धा नाही हं," आप्पाजी आवाज खाली आणून म्हणाले. "हे विज्ञान आहे. माणसाचं रक्त गरम, माशाचं थंड. उष्णता नेहमी गरमाकडून थंडाकडे जाते. आणि दुखणं म्हणजे काय? उष्णताच! नववीच्या पुस्तकात दिलंय."

नववीचं पुस्तक मी दोन वर्षं वाचलेलं आहे. त्यात उष्णता होती, मासाही होता. पण त्यांची ओळख करून दिलेली नव्हती.

ती जखमवाली भगिनी म्हणजे माझी लंकामावशी. पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीत, डावा पाय समोरच्या दुसऱ्या खुर्चीवर. पायाला आकाशी फडकं गुंडाळलेलं. तिला चालवत नव्हतं आणि दवाखान्यात यायला ती तयार नव्हती, म्हणून मी तिला रिक्षाने इथे घेऊन आलो होतो. या हॉलमध्ये मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो.

मी तिसरीत असताना आई गेली. मावशीने मला घरी आणलं आणि पोळ्या लाटून वाढवलं. बिटको चौकाजवळ तिचे डबे प्रसिद्ध आहेत. रोज चाळीस डबे, ओट्याशी उभं राहून. तिला बारा वर्षांपासून शुगर. सप्टेंबरात गॅसच्या शेगडीचा एक स्क्रू निघाला, तिच्या चपलेत पडला, आणि ती त्या स्क्रूवर सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत उभी राहिली. चप्पल काढली तेव्हा रक्त दिसलं.

"दुखलं नाही?" मी विचारलं होतं.

"नाही रे. जाणवलंसुद्धा नाही," ती जरा अभिमानाने म्हणाली होती.

मग चार महिने सर्जन डॉ. नाझियांकडे ड्रेसिंग. त्या स्टुलावर बसून, पाय मांडीवर घेऊन जखम धुवायच्या, मेलेली कातडी काढायच्या आणि मावशीशी आमटीच्या फोडणीवरून वाद घालायच्या. जखम रुपयाएवढी होती ती वाटाण्याएवढी झाली. मग एका डबेवालीने माशाचं सांगितलं. पंधरा दिवसांपूर्वी मावशीने ड्रेसिंग बंद केलं. मग इन्सुलिन बंद केलं. मला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं ते शनिवारी, घरात तीन उदबत्त्या एकदम का जळतायत असं मी विचारल्यावर. वास येत होता. पायाचा.

तर हॉलमध्ये टाळ्या थांबल्या आणि टँकच्या वरच्या मोठ्या टीव्हीवर दोन फोटो आले. एकावर 'गुरुवार', दुसऱ्यावर 'रविवार'. गुरुवारच्या माशाला शेपटीच्या अलीकडे, डाव्या बाजूला, सरळ आडवी चीर. तीन खवले गेलेले. शेपटीच्या वरच्या टोकाला करवतीच्या दातासारखी खाच.

मी तो फोटो दोनदा बघितला. या पेशंटला मी त्याच सकाळी नाश्ता देऊन आलो होतो.

माझं माशांचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत एक दोन फुटी टँक आहे, त्याला आमच्या धंद्यात हॉस्पिटल टँक म्हणतात. त्यात वाळू नाही, झाडं नाहीत, शिंपल्यातून बुडबुडे सोडणारी जलपरी नाही. नुसती काच, स्वच्छ पाणी, हीटर आणि स्पंजचा फिल्टर. जखमी मासा तिथे एकटा ठेवायचा. मोजून मीठ, गरज पडली तर निळं औषध, रोज तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. मी प्रत्येक माशाचा केस पेपर ठेवतो. शंभर पानी वहीत. पेशंट नंबर, तारीख, जखम कुठे, किती लांब, काय दिलं. रोज काचेला पट्टी लावून फोटो. मित्र हसतात. माझा स्वतःचा रक्तगट मला माहीत नाही, पण माशांच्या बाबतीत मी शिस्तीचा आहे.

शुक्रवारी सकाळी हिरामण नावाचा माणूस झाकणाच्या बादलीत पेशंट नंबर सतरा घेऊन आला होता. हिरामण हरसूलकडचा, चाळिशीचा, मोठ्या मिशांचा. नोव्हेंबरपासून त्याची ही चौथी खेप. हायवेवरच्या एका हॉटेलात दोन मासे आहेत, आपसांत भांडतात, असं त्याने सांगितलं होतं.

"भाऊ, लय लागलंय याला. जगंल ना?" दर वेळी हाच प्रश्न, आणि दर वेळी डोळ्यांत पाणी.

"हिरामण, माशाला मासा चावला तर जखम फाटकी होते," मी शुक्रवारी म्हटलं होतं. "ही सरळ आहे. तुमच्या हॉटेलात माशांची दाढी करतात का?"

तो हसला नव्हता. मला वाटलं विनोद जमला नाही.

आता हॉलमध्ये बसून मी टीव्हीवरची खाच बघितली आणि टँकमधल्या माशाची शेपटी बघितली. अख्खी. इस्त्री केल्यासारखी. शेपटी तीन दिवसांत भरत नाही. तीन आठवडे लागतात, तेसुद्धा माझ्यासारखा माणूस नोकर म्हणून ठेवला तर. म्हणजे टँकमधला मासा दुसरा होता. आणि चार महिने या चमत्काराचा मागचा अर्धा भाग मी करत होतो. पुढे आरती, मागे मी, बादली घेऊन.

मी मावशीच्या कानाशी वाकलो. "मावशे, ऊठ. हा मासा तो नाहीच. तो माझ्या दुकानात आहे."

"हळू बोल. आरती व्हायचीये."

"अगं, जखमी मासा माझ्याकडे आहे! आत्ता! नाझियामॅडमकडे चल."

"योग्या, तुला सगळीकडे तुझेच मासे दिसतात," ती म्हणाली. "माझा पाय दुखत नाही. कालही नाही, आजही नाही. मीनदेवांनी घेतलं ते. तुला पुरावा आणि कसला पाहिजे?"

"वास येतोय मावशे."

"तो तीर्थाचा आहे."

"कसलं तीर्थ?"

तिने पिशवीतून बाटली काढून दाखवली. फिकट पिवळं पाणी. टँकमधलं. सकाळ-संध्याकाळ त्याने जखम धुवायची आणि वर अंगारा दाबायचा, असं आप्पाजींनी सांगितलं होतं. फ्लॉवरहॉर्न हा मासा दिवसभर खातो, आणि खाल्लेलं सगळं त्याच पाण्यात परत करतो. उघड्या जखमेवर माझी मावशी दोन आठवडे माशाचं संडास ओतत होती आणि त्याला नमस्कार करत होती.

इथपर्यंत मला गंमत वाटत होती, हे मी कबूल करतो. इथून पुढे नाही वाटली.

मी तिथून निघालो. रिक्षाने दुकान गाठलं. दुकानातून डॉ. नाझियांना फोन लावला.

"येत नाही म्हणते," मी सांगितलं.

"जखमेवर काय लावतेय?"

"माशाच्या टँकचं पाणी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग: "पत्ता पाठव."

मी पेशंट नंबर सतराला पारदर्शक टबात घेतलं, वही काखेत मारली आणि पाऊण तासात परत आलो. आरती संपून आप्पाजी 'पाणी आणि प्रारब्ध' या विषयावर बोलत होते. मी सरळ मधून चालत गेलो आणि टब स्टेजवर ठेवला.

"नमस्कार," मी म्हणालो. "गुरुवारची जखम गेली कुठं, असा मघाशी प्रश्न होता. ही बघा. माझ्या दुकानात गेली होती."

लोक उठून बघायला लागले. टबात मासा, कपाळावर टेंगूळ, शेपटीला खाच, डाव्या बाजूला चीर. वर टीव्हीवर तोच मासा, तीच खाच, तीच चीर. पोरालाही कळावं इतकं सोपं होतं. मी जिंकलो असं मला वाटलं. जवळजवळ पाच सेकंद वाटलं.

आप्पाजींनी डोळे मिटले, उघडले, आणि माइकमध्ये म्हणाले, "छायादेह!"

हॉलने एकदम हात जोडले.

"मीनदेवांनी जखम घेतली, पण ठेवली कुठं? आज उत्तर मिळालं! हा मीनदेवांचा छायादेह आहे! आपण इथं बरं व्हायचं, आणि आपलं दुखणं त्या देहानं सोसायचं! आणि तो प्रकट कुठं झाला? याच भगिनीच्या भाच्याच्या दुकानात! केवढं पुण्य या पोराचं!"

यानंतर जे झालं ते मी जसं झालं तसं सांगतो. सहा माणसं माझ्या पाया पडली. एकाने मला पेढा भरवला. एका बाईंनी टबात हळद टाकली.

"अहो, काय करताय! त्याला जखम आहे!"

"म्हणूनच टाकतेय," त्या म्हणाल्या. "हळद जखमेला चांगली."

मी सत्य सांगायला आत शिरलो होतो आणि पाच मिनिटांत देवस्थानाचा विश्वस्त झालो होतो. मावशी तर ओक्साबोक्शी रडत होती. "योग्या, मी म्हटलं नव्हतं? आपल्याच घरात रे!"

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी पेढा थुंकला आणि वही उघडली.

"नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात इथं कुणाचं पोट बरं झालं?" मी ओरडलो.

एक फेट्यातले म्हातारेबुवा उठले. रावजी त्यांचं नाव. "माझं. गुरुवारी देवानं पोटातला गोळा घेतला."

"रावजीबाबा, ऐका. पेशंट चौदा, शुक्रवारी सकाळी दाखल. पोटाला सरळ चीर, दोन सेंटिमीटर. मीठ दिलं. पाणी एकोणतीस डिग्रीला ठेवलं. रोज पाणी बदललं. सातव्या दिवशी जखमेवर बुरशी आली, निळं औषध दिलं. बाविसाव्या दिवशी बरा. हा माशाचा केस पेपर झाला. आता तुमचा सांगा. तुम्हाला काय दिलं?"

"अंगारा," रावजी म्हणाले.

"गोळा गेला?"

रावजींनी पोटावर हात ठेवला आणि दाबून बघितलं.

"पेशंट पंधरा, डिसेंबर, डोळ्याजवळ चीर. पेशंट सोळा, जानेवारी, कल्ल्याखाली. सोळाची जखम चिघळली तेव्हा मी जनावरांच्या डॉक्टरांना विचारून त्याला अँटिबायोटिक दिलं. पाच दिवस, वेळेवर, घड्याळ लावून. ऐकताय ना? माशाला अँटिबायोटिक! आणि तुम्हाला औषधं बंद करायला सांगितलं! चमत्कार महिन्यातून एकदाच का होतो माहितीये? कारण मासा बरा व्हायला बावीस दिवस लागतात. दोन मासे आहेत. एक इथं तुमच्या पुढ्यात, दुसरा माझ्याकडे भरती. पुढच्या महिन्यात पाळी बदलायची!"

"खोटं आहे हे," आप्पाजी म्हणाले. "टँक सर्वांसमोर असतो. कुणी हात लावत नाही."

"समोरून लावत नाही," मी म्हणालो. "मावशी सांगते, गुरुवारी टँकवर भगवं कापड टाकून अकरा मिनिटं समाधी असते ना? भिंतीतले टँक मी बसवतो, आप्पा. भिंतीतल्या टँकला मागून दार ठेवावंच लागतं. नाहीतर काच पुसणार कोण, ब्रह्मदेव?"

दोन कॉलेजची पोरं बाजूच्या दारातून आत गेली. आतून काहीतरी सांडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा त्यांच्यामध्ये हिरामण होता, हातात माशाचं जाळं. पोरांनी सांगितलं: टँकला मागून फळी आहे, फळीशेजारी पाण्याचा रिकामा ड्रम आहे, आणि फळीवर दाढीचं पातं आहे.

"हिरामण," मी म्हणालो, "तू कापायचास?"

"आप्पा सांगायचे. धरायचो म्या, कापायचो म्या." त्याने हातातलं जाळं खाली ठेवलं. "ते म्हणायचे, नाल्यात टाकून दे, मुंबईहून दुसरा मागवू. पण भाऊ, माझ्याच्यानं टाकवंना. जीव हाय तो. म्हून तुमच्याकडं आणायचो. आप्पांना ठावं नाय. मी सांगायचो, माझ्याकडंच ड्रमात आपोआप बरा झाला."

म्हणजे आप्पाजींना त्यांच्या स्वतःच्याच चमत्काराचं औषध माहीत नव्हतं. या एका गोष्टीवर मी अजूनही कधी कधी एकटाच हसतो.

"माशाची दया आली तुला," मी म्हणालो. "आणि ही माणसं? माझी मावशी?"

हिरामणने मान खाली घातली. "बायामाणसं तर म्हणायची, बरं वाटतंय. मासा नाय म्हणायचा, भाऊ. तो तळाशी बसून राहायचा."

हॉलमध्ये कुजबूज वाढली. काही लोक उठले. पण बरेच बसून होते, आणि मावशीही बसून होती. पदर तोंडाशी, नजर टँकवर.

"मासे दोन असतील," ती हळूच म्हणाली. "पातं असेल. मी काही वेडी नाही योग्या, ऐकलं मी सगळं. पण माझा पाय दुखत नाही हे तर खरं ना? ते तर मी स्वतः अनुभवतेय."

आप्पाजींनी हे माइकवर घेतलं. "अनुभव! भगिनीचा अनुभव! वही मोठी की अनुभव मोठा?"

मी वही मिटली. मासे दोन आहेत हे सिद्ध झालं होतं, आणि तरी मावशीचा पाय तिथेच खुर्चीवर होता, आकाशी फडक्यात.

तेवढ्यात दारातून हेल्मेट हातात घेऊन डॉ. नाझिया आल्या. कुणाशी एक शब्द न बोलता मावशीच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि फडकं सोडायला लागल्या. पुढच्या दोन रांगा नाक दाबून मागे सरकल्या. अंगाऱ्याखाली दोन बोटं काळीनिळी झाली होती.

"कोण आहात तुम्ही?" आप्पाजी म्हणाले. आणि मग, कुणीतरी नाव सांगितल्यावर, लोकांकडे वळून, सूर बदलून: "अच्छा. या बाईंना आपल्या श्रद्धा काय कळणार?"

मी काही बोलणार तोच मावशी बोलली. टँकवरची नजर काढून, सरळ आप्पाजींकडे बघत.

"आप्पा, तिनं माझा पाय चार महिने मांडीवर घेऊन धुतलाय. तुम्ही मोरपीस लावलंत, तेही तीन फुटांवरून. तिच्याबद्दल बोलायचं नाही."

डॉक्टरांनी पर्समधून पेनासारखी एक काडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा तंतू होता, माशाच्या गळाला असतो तसा. "मावशी, डोळे मिटा. कुठे टोचलं की 'हो' म्हणा."

मावशीने डोळे मिटले. डॉक्टरांनी डाव्या तळव्याला एका जागी तंतू टेकवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मावशी गप्प.

"बघा! बघा!" आप्पाजी उसळले. "दुखणं शून्य! डॉक्टरांनीच सिद्ध केलं!" मागून कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

डॉक्टरांनी मान वर केली नाही. त्यांनी मावशीचा उजवा पाय उचलला. चांगला पाय. त्याला जखम नव्हती, स्क्रू नव्हता, तो कधी कुणाला अर्पण केलेला नव्हता. त्याचा अंगठा, बोटं, टाच. दहा ठिकाणी तंतू वाकेपर्यंत दाबला. आता सगळा हॉल उभा राहून बघत होता. पंख्याचा आवाज येत होता.

"नाझिया," मावशी डोळे मिटूनच म्हणाली, "सुरू कर की गं. किती वेळ अशी बसू?"

कुणी हसलं नाही.

"झालं मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "डावा झाला, उजवाही झाला. दहा ठिकाणी टोचलं उजव्याला."

मावशीने डोळे उघडले. "उजव्याला? उजव्याला काय झालंय?"

"तेच विचारतेय मी. हा पाय तर तुम्ही माशाला दिला नव्हता. याचं दुखणं कुणी घेतलं?" डॉक्टरांचा आवाज मोठा नव्हता, पण त्यात राग होता. "शुगरनं तुमच्या दोन्ही पायांच्या नसा मेल्यात. म्हणून सप्टेंबरात दिवसभर स्क्रूवर उभं राहून कळलं नाही. म्हणून आता बोटं सडतायत तरी कळत नाही. 'दुखत नाही' हा गुण नाही मावशी. दुखत नाही, हीच तर तक्रार आहे! या माणसानं तुमचा आजारच तुम्हाला चमत्कार म्हणून विकला."

मावशीने आपल्या उजव्या पायाकडे बघितलं, परक्या माणसाकडे बघावं तसं. मग स्वतःच्या हाताने त्याला चिमटा काढला. जोरात. नख उमटलं. ती पुन्हा चिमटा काढणार होती, डॉक्टरांनी हात धरला.

"योग्या," ती म्हणाली, "रिक्षा बघ."

आम्ही निघालो तेव्हा रावजी आप्पाजींसमोर जाऊन उभे राहिले होते. त्यांनी शिवी दिली नाही, हात उचलला नाही. एकच वाक्य परत परत विचारत होते: "माझा गोळा कुठंय मग? आं? माझा गोळा कुठंय?" नंतर कळलं की मुलाने त्यांना त्याच दुपारी सोनोग्राफीला नेलं. गोळा जिथे होता तिथेच होता, फक्त तीन महिन्यांनी मोठा.

सोमवारी मावशीची दोन बोटं काढली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाल्या, अजून दोन दिवस तीर्थ लावलं असतं तर गुडघ्याखाली काही उरलं नसतं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली मी, रावजींचा मुलगा आणि हिरामण, तिघांनी तक्रार दिली. आप्पाजींनी जबाबात सांगितलं की आपण औषध बंद करायला कुणालाही सांगितलं नाही, तो मीनदेवांचा संकेत होता. माशाचा जबाब अजून घेतलेला नाही.

वॉर्डात भेटायला येणाऱ्या बायकांना मावशी पाय दाखवते. एक जण चुकचुकली, "शेवटी दवाखान्यात बोटं गेलीच की हो लंकाबाई. आप्पाजींकडे निदान रक्त तरी नाही सांडलं."

"नाझियानं दोन बोटं घेतली," मावशी म्हणाली. "पण आधी सांगून घेतली. का घ्यायची ते फोटो दाखवून समजावलं, मी तीनदा नाही म्हटलं ते ऐकून घेतलं, मग कागदावर सही घेतली. आप्पानं अख्खा पाय नेला असता, आणि मी वर त्यालाच नारळ वाढवला असता."

मला देवाबद्दल काही बोलायचं नाही. माझं भांडण त्याच्याशी नाही. माझं म्हणणं साधं आहे. 'बरं वाटतंय' आणि 'बरं झालं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या आहेत हे कळण्यासाठी मोजावं लागतं, तपासावं लागतं, दुसऱ्याला बघू द्यावं लागतं. घरात कुणाला शुगर असेल तर आज दिव्याखाली बसवून त्यांचे तळवे बघा, दोन्ही, बोटांच्या मधूनसुद्धा. त्यांना दुखत नसेल तरी बघा. दुखत नसेल तर आधी बघा. आणि औषध बंद करा असं सांगणारा कुणी भेटला, मग त्याच्या शेजारी मासा असो, मूर्ती असो की भिंतीवर पदवी टांगलेली असो, तर 'का' म्हणून विचारा. उत्तर नीट देता येत नसेल तर तिथे क्षणभरही बसू नका. उठा आणि तुमच्या डॉक्टरांकडे जा.